संध्याकाळ नक्की किती वाजता होते?



गेल्या पर्युषणातली गोष्ट. सूनबाई पुण्याला असते, नोकरी करते. ती आपल्या समाजातली नाही, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. पर्युषणाचे आठ दिवस रात्रीचं जेवायचं नाही, असं तिनं आपणहून ठरवलं होतं. मी एका शब्दानं सुचवलं नव्हतं, म्हणून मला जास्तच कौतुक वाटत होतं. तिसऱ्या दिवशी फोनवर सहज विचारलं, "संध्याकाळी जेवलीस ना गं?" ती म्हणाली, "हो आई, संध्याकाळीच. साडेसातला डबा खाल्ला."

मी क्षणभर गप्प झाले आणि मग जे बोलायला नको ते बोलून गेले. म्हटलं, "मग हे व्रत कशाला? लोकांना सांगायला?"

ती भांडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "आई, साडेसात म्हणजे संध्याकाळच ना? रात्र आठनंतर होते."

फोन ठेवला आणि प्रतिक्रमणाला बसले. देवसी प्रतिक्रमणात दिवसभराच्या दोषांची आलोचना करायची असते. माझा त्या दिवसाचा सगळ्यात मोठा दोष दहा मिनिटांपूर्वीचाच होता. तरी मन म्हणत होतं, चूक तिचीच. मग विचार करू लागले, तिची चूक नेमकी कोणती? तिनं खोटं सांगितलं नव्हतं. टीव्हीवरच्या सातच्या बातम्यांना आपण संध्याकाळच्याच बातम्या म्हणतो. संध्याकाळची गाडी सातला सुटते. संध्याकाळची शिकवणी सात ते आठ असते. व्हॉट्सॲपवर रात्री नऊ वाजता गुलाबाच्या फुलासकट "शुभ संध्या" पाठवणाऱ्या आपल्याच मैत्रिणी आहेत (नावं घेत नाही, त्या हे वाचतात). मग त्या पोरीनं संध्याकाळ कुठे संपते ते कुणाकडून शिकायचं होतं?

म्हणून आज या एका साध्या शब्दावर लिहिते आहे.

संध्या म्हणजे सांधा. दोन गोष्टी जिथे जुळतात ती जागा. दिवस आणि रात्र जुळतात ती एक संध्या, रात्र आणि दिवस जुळतात ती दुसरी. सकाळीही संध्या असते, हे आपण विसरूनच गेलो आहोत. आपल्याकडे तर चार संध्या मोजतात, पहाट, मध्यान्ह, सायंकाळ आणि मध्यरात्र, आणि त्या वेळांत आगमाचा स्वाध्याय करत नाहीत. संध्येचं प्राकृतात 'संझा' झालं आणि संझेची मराठीत 'सांज' झाली. लहानपणी आई प्रतिक्रमणात सज्झाय म्हणायची. ती सांजेला म्हणतात म्हणून तिचं नाव सज्झाय, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. सज्झाय म्हणजे स्वाध्याय, हे मोठेपणी एका साध्वीजींनी सांगितलं तेव्हा हसूच आलं.

तर संध्याकाळ हा सांध्याचा काळ आहे, आणि सांध्याला रुंदी असते. दारात उभं राहिलं की आपण धड आत नसतो, धड बाहेर नसतो, तसंच हे. सायंकाळ या शब्दाचं वेगळं आहे. सायं म्हणजे दिवसाचा शेवट. बोलताना आपण दोन्ही शब्द एकच समजतो, फक्त पत्रिका छापताना सायंकाळ लिहितो कारण तो जरा भारदस्त दिसतो. मराठीत या वेळेसाठी शब्द तरी किती! तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण, गोरज. गाई घरी येताना धूळ उडते ती गोरज, घरात दिवे लागतात ती दिवेलागण. प्रत्येक शब्द डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी सांगतो. एकही शब्द घड्याळाकडे पाहून तयार झालेला नाही. आणि गंमत पाहा, सकाळ, दुपार, सांज, रात्र, सगळ्या स्त्रीलिंगी. 'काळ' पुल्लिंगी असूनही संध्याकाळ मात्र ती. पुल्लिंगी फक्त दिवस. तो मावळून मोकळा होतो, पुढचं सगळं आवरायचं तिनं.

माझ्या सासरी मारवाडी बोलतात. मारवाडीत संध्याकाळला 'आथण' म्हणतात. त्या शब्दाच्या पोटातच अस्त आहे. आथण म्हटलं की सूर्य मावळण्याची आठवण येणारच. मराठीतली संध्याकाळ तशी आठवण देत नाही. ती पसरत जाते, साडेसातला, आठला, सोयीनं. घरातली बोली मुलांच्या पिढीत मागे पडली, आथण गेली, संध्याकाळ आली, आणि शब्दाबरोबर आपली वेळही हळूच सरकली असं मला वाटतं. सुनेला मी मराठीत प्रश्न विचारला होता, आणि उत्तर मारवाडीत अपेक्षित होतं.

मीही एकदा अशीच चुकले होते, हे त्या रात्रीच आठवलं. माझं माहेर नगरचं. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन धानोऱ्याला आले. बी.कॉम. झालेली, वेळेचा हिशेब चोख आहे असा स्वतःबद्दल समज. माहेराहून येताना कॅलेंडर घेऊन आले होते, त्यात रोजचा सूर्यास्त छापलेला. कार्तिकातले दिवस. कॅलेंडर म्हणत होतं सूर्यास्त सहाला. मी पावणेसहाला निवांत ताट वाढून घेतलं. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, ताटाकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. माझा हात धरून मागच्या दाराशी नेलं आणि आकाशाकडे बोट केलं. पश्चिमेकडच्या मोहाच्या झाडांमागे नुसती तांबूस रेघ उरली होती. सूर्य जाऊन वीस मिनिटं होत आली होती.

कॅलेंडर मुंबईचं होतं. सूर्य मात्र धानोऱ्याचा.

हा हिशेब तेव्हा मी कागदावर मांडला. रेखांशाच्या एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. मुंबई साधारण ७३ अंशांवर, धानोरा ८० च्या थोडं पुढे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो तेव्हा आमच्याकडे साडेपाचच्याही दोन-तीन मिनिटं आधी झालेला असतो. जुलैच्या सुरुवातीला मुंबईत सात-वीसपर्यंत उजेड असतो, आमच्याकडे सहा-पन्नासला सूर्य गेला. एकाच महाराष्ट्रात, एकाच घड्याळात. हे घड्याळही तसं अलीकडचं. साऱ्या देशाची एक प्रमाणवेळ १९०६ साली ठरली, ती ८२.५ अंश रेखांशावरची. मुंबईनं आपली जुनी वेळ, ३९ मिनिटं मागची, १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्याआधी गावोगाव दुपारचे बारा म्हणजे सूर्य डोक्यावर, एवढंच होतं. तेव्हा 'संध्याकाळी सहा' या शब्दांना धानोऱ्यात एक अर्थ आहे आणि मुंबईत दुसरा. आणि धानोऱ्यातसुद्धा मार्गशीर्षात वेगळा, आषाढात वेगळा.

सासूबाईंना कॅलेंडर लागत नव्हतं. सूर्य झाडांच्या शेंड्याला टेकला की त्यांचं ताट उचललं जायचं. जंगलाच्या गावात झाडांमुळे सूर्य खऱ्या अस्ताच्या आधीच दिसेनासा होतो, म्हणजे त्या नियमाहून थोड्या आधीच थांबत. दोन घडी आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण संपवणारी घरंही आपल्यात आहेत. तेवढी सावधगिरी मला आजही रोज जमत नाही. पण सूर्यास्ताच्या आत म्हणजे आत, एवढं त्या दिवसापासून पाळते.

नियमामागचं कारण तुम्हाला मी काय सांगावं. पण शहरात राहणाऱ्यांनी एकदा आषाढात आमच्याकडे येऊन पाहावं. पहिल्या पावसानंतर दिवा लावला की पंख फुटलेली वाळवी शेकड्यांनी दिव्यावर येते. आमटीत, परातीत, केसांत. दिवा मालवावा तर अंधारात जेवायचं, लावावा तर जीव मरणार. पूर्वी इथे वीज तासन् तास जायची, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ताटात काय पडलं हे कळायचंही नाही. ज्यांनी हा नियम घातला त्यांनी अशी घरं आणि असे पावसाळे पाहिले असणार. आगमांची काटेकोर भाषा पाहा. बृहत्कल्पसूत्रात साधू-साध्वींना अमुक करू नये असं सांगताना 'रात्र' एवढाच शब्द पुरेसा मानलेला नाही. रात्र आणि विकाल असे दोन शब्द जोडून येतात. विकाल म्हणजे हीच सांजवेळ. कुणी पळवाट काढून म्हणेल, अजून रात्र कुठे झाली, संध्याकाळच तर आहे! ते दार आधीच लावून ठेवलेलं आहे. माझी सून जे निरागसपणे म्हणाली, ते चलाखीनं म्हणणारे तेव्हाही असतील.

आणि सूर्याप्रमाणे चालणारे आपण एकटेच आहोत असंही नाही. आमच्या दुकानात आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतल्या गोंड बाया येतात. मीठ, तेल, कापड घेतात. बाजार कितीही भरात असला तरी उन्हं कलली की त्यांची चुळबूळ सुरू होते. "दिवस बुडाच्या आधी घरी जाचं हाये, बाई." घड्याळ कुणी पाहत नाही. वाट जंगलातली, अस्वलाची, वाघाची. अलीकडे वाघाचे हल्ले वाढल्यापासून वनखातंही पहाटे आणि सांजेला रानात जाऊ नका म्हणून सांगत असतं. त्या बाया 'संध्याकाळपर्यंत पोचू' असं म्हणत नाहीत. 'दिवस बुडाच्या आधी' म्हणतात. इतका नेमका शब्द आपण सुशिक्षित बायका वापरत नाही. इकडे 'सकाळी देतो' म्हणजे उद्या देतो, हे मला नवी असताना कळायचं नाही आणि मी पहाटेपासून वाट पाहत बसायची. पण दिवस बुडण्याच्या बाबतीत इथे कधी गोंधळ झाला नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. आपल्या लग्नपत्रिका.

काही वर्षांपूर्वी नात्यातलं एक लग्न होतं, नागपूरला, नोव्हेंबरच्या शेवटी. पत्रिकेवर सुंदर अक्षरांत, 'सायंकाळी ६ पासून स्वरुचिभोजन', आणि खाली बारीक अक्षरांत, 'चौविहाराची व्यवस्था आहे'. सासूबाई ऐंशीच्या पुढे होत्या. सकाळी दहाला जेवून आम्ही निघालो, पाचला पोचलो. चौविहाराचं टेबल कोपऱ्यात मांडलेलं होतं, त्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर काही नाही. आचारी म्हणाला, सहाला लावायला सांगितलंय. त्या दिवशी नागपूरचा सूर्यास्त साडेपाचच्या सुमाराचा. सासूबाईंनी माझ्याकडून पाणी मागून घेतलं, प्यायल्या, आणि हात जोडून पच्चक्खाण घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. सहा वाजता टेबलावर खिचडी-कढी आली, वाफाळती, चांगली. यजमानीण बाई स्वतः बोलवायला आल्या, "आई, चला ना, खास तुमच्यासाठीच केलंय." खरंच त्यांच्यासाठीच केलं होतं. कुणाचीही दानत कमी नव्हती. फक्त पत्रिका लिहिणाऱ्याच्या डोक्यात संध्याकाळ म्हणजे सहा होती. सासूबाई हसून म्हणाल्या, पोट भरलेलं आहे. माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मी? मी तेव्हा सोयीची होते. आठ वाजता जेवले, प्रवासाचं निमित्त सांगून. त्या खोलीत जाऊन पडल्या होत्या. आज त्या नाहीत, म्हणून हे लिहायला आणखी जड जातं.

भद्रावतीला केशरिया पार्श्वनाथाच्या दर्शनाला गेलं की असं कधी होत नाही. तीर्थावरची भोजनशाळा सूर्य पाहून चालते. तिथे जे जमतं ते लग्नात का जमू नये? माझं म्हणणं एवढंच आहे की पत्रिकेवर 'चौविहाराची व्यवस्था आहे' हे वाक्य छापायचं असेल तर शेजारी त्या गावाचा त्या दिवसाचा सूर्यास्त छापा, आणि त्याच्या निदान तासभर आधीची जेवणाची वेळ छापा. नाहीतर ते वाक्य काढून टाका. मग निदान म्हातारी माणसं घरून खाऊन तरी निघतील. मी कॉमर्सवाली. १ एप्रिलला झालेला व्यवहार ३१ मार्चला संपलेल्या वर्षात धरत नाहीत, मग नोंदवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. दुकानात रोजमेळ जुळवायलाही एक वेळ ठरलेली असते. वही उघडी ठेवून 'अजून दिवस चालूच आहे' म्हणता येत नाही.

आणखी एक बोलते, काही जणींना आवडणार नाही. चौविहार चुकतो तो बहुतेक वेळा बाईचा. थंडीच्या दिवसांत सव्वापाचच्या आत सगळ्यांची जेवणं व्हायची म्हणजे बाईनं तीनला ओट्याशी उभं राहायचं. दुपार संपलीच. दुकानातून आधी हे येणार, मग दीर येणार, मुलं शिकवणीच्या आधी खाणार, गरम पोळी सगळ्यांना हवी. सगळ्यांची ब्याळू वेळेत होते, आणि शेवटची पोळी तव्यावरून उतरते तेव्हा सूर्य गेलेला असतो. मग ती म्हणते, मला भूक नव्हती. किंवा गुपचूप उशिरा खाते आणि तो दोष स्वतःच्या खात्यात लिहिते. आमच्या घरी सासूबाईंनी एक नियम घातला होता. सूर्यास्ताला अर्धा तास उरला की जी पोळ्या करत असेल तिनं गॅस बंद करून आधी स्वतः बसायचं. उरलेल्यांनी गार पोळी खावी. पहिल्या आठवड्यात पुरुषांची तोंडं वाकडी झाली. नंतर सगळे पावणेपाचलाच हजर राहू लागले, न बोलावता.

'आयुष्याची संध्याकाळ' हा शब्दप्रयोगही आता माझ्या वाट्याला येऊ लागला आहे. साठी झाली तेव्हा भाषणात दोघांनी वापरला. मला राग आला होता. आता वाटतं, संध्याकाळ म्हणजे सूर्य अजून वर आहे, ताट वाढून घ्यायला वेळ आहे. तेवढं असेल तर चालेल.

तर सूनबाई. संवत्सरीला मी तिला फोन केला आणि आधी मी मिच्छामि दुक्कडं म्हटलं. नुसतं रिवाजाचं नव्हे, त्या साडेसातच्या डब्याचं नाव घेऊन. ती घाईघाईनं म्हणाली, "अहो आई, मला माहीतच नव्हतं, तुम्ही आधी सांगायचं ना सूर्यास्त म्हणून." बरोबर होतं तिचं. मी रात्री जेवू नये म्हणजे काय हे कधी सांगितलंच नव्हतं, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

हल्ली ती आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात साडेपाचला डबा उघडते. कुठले दोन दिवस ते ती ठरवते, मी विचारत नाही. पण त्या दिवशी तिचा मेसेज येतो. परवा आला, "आई, आज पुण्यात ५.५७. तुमचं?" मी ओट्यापाशी उभी होते, हात पिठाचे. धुऊन उत्तर लिहिलं, "५.२८. आमचं झालं. तू जेव आता, तुझी अजून अर्धा तास संध्याकाळ आहे."